‘मराठी’ची ‘रठी’ झाली त्याची गोष्ट

परवा शनिवारी सकाळी सकाळी आईची हाक. "अरे, माझी मराठी पळाली बघ!" बघतो तर ‘मराठी’च्या जागी ‘रठी’, आणि आपलं नाशिक झालंय ‘नशिक’.

आजी ८४ वर्षांची. आठवेल तशी जात्यावरची ओवी सांगते, आई तिथल्या तिथे टाइप करते. दुपारपर्यंत आजी ती विसरलेली असते. त्यामुळे ‘सोमवारी बघू’ म्हणायची सोय नव्हती.

यूएसबी कीबोर्ड लावला, सगळं व्यवस्थित! म्हणजे दोष लॅपटॉपच्याच कीबोर्डात. मेलेल्या कळा तीन: ई, डी आणि सी. कीबोर्डच्या पोटात आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते. एक रेघ तुटली की तिच्यावरच्या कळा एकदम जातात. आणि इन्स्क्रिप्टमध्ये नेमक्या याच कळांवर आहेत काना, पाय मोडायची खूण आणि ‘म’. मग मराठी उरणार किती?

आई नाशिकरोडला मराठी टायपिंग शिकलेली. म्हणाली, "आमच्या मशीनचं अक्षर तुटलं, तर मेकॅनिक तेवढंच नवं डाग देऊन बसवायचा." खरंय. टाइपरायटरमध्ये अक्षर धातूचं, दांडीच्या टोकाला बसवलेलं. १९५५ साली गोदरेजने देशी टाइपरायटर आणला, तरी अडचण तीच: कळा मोजक्या, बाराखडी आणि जोडाक्षरं मात्र ढीगभर. म्हणून ख, भ, ध, श अर्धेच ठेवायचे आणि पुढे काना मारून पूर्ण करायचे. त्या मशीनवर काना मोडला असता, तर ही अक्षरंही लंगडी झाली असती.

कॉम्प्युटरवर कळ अक्षर छापतच नाही, ती फक्त आपला नंबर कळवते. त्या नंबरचं अक्षर कोणतं, ते सॉफ्टवेअर ठरवतं. त्यामुळे अर्ध्या अक्षरांसाठी वेगळ्या कळा नकोत, जोडायची एक खूण पुरते. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट ठरवलं ते याच जोरावर. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. शिवाय ‘क’ मराठीत ज्या कळेवर, त्याच कळेवर गुजरातीत आणि बंगालीतही! आईने मात्र रेमिंग्टनची सवय मोडताना दोन महिने चिडचिड केली होती.

म्हणूनच एम.जी. रोडवरून आणलेला, नुसती इंग्रजी अक्षरं छापलेला कीबोर्ड मराठीलाही चालला. बॅटरी काढली, मागचे स्क्रू सोडवले, कीबोर्ड अलगद उचलला. रिबनची पट्टी धरून ठेवणारी खिटी वर केली, जुनी पट्टी काढून नवी सरळ बसवली, खिटी दाबली. अर्ध्या तासाचं काम. (खिटीवर जोर करू नका, ती तुटली की मदरबोर्डाशी गाठ!)

आईने तपासायला शब्द निवडला ‘त्र्यंबकेश्वर’. एका दमात आला.

शेजारी आजी बसलेलीच होती. म्हणाली, "झालं का तुमचं? घे मग पुढची."


असो. पुढची ओवी मिळाली.