बंपर कोणाला वाचवतो? जीप, ॲल्युमिनियम आणि देवळालीचा रस्ता



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने बंपरवर बोलायचं, हे पत्रिकेवर वाचून काहींना हसू आलं असेल. पण देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाला जीप टाळता येत नाही. इथे तोफखान्याची शाळा आहे. लष्कराच्या गाड्या आपण लहानपणापासून पाहत आलो. नाशिकला महिंद्राचा कारखाना आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी लॅम रोडला उभं राहिलं की त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगराकडे निघालेल्या थार आणि जुन्या जीपगाड्या दिसतात. त्यांतल्या पुष्कळांच्या नाकावर कंपनीचा बंपर नसतो, बनवून घेतलेला असतो. कोणाचा लोखंडी, कोणाचा ॲल्युमिनियमचा. त्या पट्टीला इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आज त्याच्याविषयी बोलू.

सुरुवात लष्करी जीपपासून करू. 1940 च्या सप्टेंबरात अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने आपला पहिला नमुना लष्कराला दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बनवल्या. या गाडीचा पुढचा बंपर आठवून बघा. एक सरळ लोखंडी चॅनल, चासीच्या दोन टोकांना बोल्टने आवळलेला. त्या चॅनलच्या पोटात ताठपणासाठी लाकूड बसवलेलं असे. शोभा शून्य. गाडी ढकलायची, ओढायची, झुडुपातून घुसवायची, तुकडीची खूण रंगवायची, ही सगळी कामं ती पट्टी करायची.

या बंपरमध्ये पहिला मोठा बदल कारखान्यात झाला नाही, रणांगणावर झाला. युद्धात जर्मन सैनिक रस्त्यावर आडवी तार बांधून ठेवत. काच खाली पाडून चालवलेल्या उघड्या जीपमधल्या माणसाची मान त्या तारेच्या उंचीवर यायची. तेव्हा लष्करी कारागिरांनी भंगारातला अँगल घेतला, बंपरच्या मधोमध उभा वेल्ड केला आणि वरच्या टोकाला खाच ठेवली. तार त्या खाचेत अडकून तुटायची. आपल्या विषयाची ही गंगोत्री समजा. कंपनीने दिलेली गाडी, समोर आलेला धोका आणि हाताशी असलेला पत्रा, या तिघांच्या गाठीतून बनवून घेतलेला बंपर जन्माला आला. तो अँगल माणसाचा जीव वाचवण्यासाठी होता, हे इथे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

युद्ध संपलं. आपल्याकडे ‘डिस्पोजल’ हा शब्द त्या काळात मराठी झाला. लष्कराने विकायला काढलेल्या जीपगाड्या शेतकऱ्यांनी, कंत्राटदारांनी, वनखात्याने घेतल्या. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या आधारावर जोंगा तयार होऊ लागली. तिच्या नावातच जबलपूर आहे. लष्कराची सेवा संपलेल्या जोंगाही पुढे लिलावातून लोकांच्या हाती आल्या. या गाड्या ज्यांनी सांभाळल्या त्यांना सुटे भाग दुकानात मिळत नव्हते. मिस्त्रीच तो भाग बनवायचा. मोडलं तर वेल्ड कर, वाकलं तर ठोकून सरळ कर. बंपर बनवणारे आपले कारागीर या परंपरेतले. ती परंपरा हौसेची नव्हती, गरजेची होती.

आता ॲल्युमिनियमकडे वळू. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात त्याला ‘जर्मल’ म्हणत. जर्मलचं पातेलं म्हणजे गरिबाघरचं भांडं. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हाच धातू फार महाग होता. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने तो वेगळा काढण्याची पद्धत शोधली आणि त्याचा भाव कोसळला. भारतात 1943 मध्ये केरळातल्या अलुवा इथे त्याचं उत्पादन सुरू झालं. राजदरबारातून निघालेला धातू साठ-सत्तर वर्षांत चुलीवर आला.

चुलीवरून तो गाडीवर कसा चढला? इंग्लंडच्या रोव्हर कंपनीतल्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर एक जुनी विलीज जीप होती. तिच्यावरून त्यांना स्वतःची गाडी सुचली. युद्धानंतर इंग्लंडात पोलादाचं रेशनिंग होतं, विमानांसाठी केलेलं ॲल्युमिनियम मात्र उरलेलं होतं. म्हणून 1948 च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेल्या लँड रोव्हरचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं होतं. पण चासी लोखंडी आणि पुढचा बंपरही लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला. ज्या अंगाने फक्त झाकायचं ते हलकं, ज्याने धक्का खायचा ते जड, अशी ती वाटणी होती. बंपर ॲल्युमिनियमचा करायचा म्हणजे ही वाटणी मोडायची. ती मोडता येते का?

येते, पण हिशेब करून. पोलादाचा 3 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा साधारण साडेतेवीस किलो भरतो. 5 मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा तेवढाच पत्रा साडेतेरा किलो. ॲल्युमिनियमचा मूळ ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश आहे. पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणून 5 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्या 3 मिलिमीटरच्या पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट ताठ निघतो आणि वजन निम्म्याहून थोडंच जास्त. पुढच्या स्प्रिंगांवर वजन कमी आलं की चढावर, खड्ड्यात नाक कमी दबतं. शिवाय गंज नाही. कोकणात उतरणाऱ्याला त्याची किंमत कळते.

आता दुसरी बाजू. लोखंड सुमारे 1,500 अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम 660 ला. पण त्याच्यावर ऑक्साईडची जी पातळ कातडी असते ती 2,000 अंशांच्याही वर टिकते. म्हणजे वरची साय घट्ट आणि खालचं दूध केव्हाच उतू गेलेलं! म्हणून साधं वेल्डिंग चालत नाही. गॅरेजमध्ये ज्याला ‘आर्गन’ म्हणतात ते वेल्डिंग लागतं, तेही उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर. तापवून कडक केलेला मिश्रधातू असेल, समजा 6061, तर जोडाच्या आजूबाजूची पट्टी मऊ पडते, तिची ताकद बरीच घटते. म्हणून जाणता कारागीर 5052 किंवा 5083 सारखा मॅग्नेशियमचा पत्रा घेतो आणि जोड ताणाच्या जागेपासून दूर ठेवतो. चांगल्या कामात वेल्ड कमी आणि वाकवण्याच्या घड्या जास्त असतात.

नाशिककरांना हा धातू परका नाही. 1964 मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. विमानाचा पत्रा बहुतेक रिव्हेट मारून जोडतात, कारण त्याचे कित्येक मिश्रधातू वेल्डिंगला तडकतात. विमानाचा पत्रा भंगारात मिळाला म्हणून बंपरला चालेल, असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. धातूचं नाव एक असलं तरी जात वेगळी असते.

बंपर बसवण्याची रीत आम्ही एका ओळखीच्या मिस्त्र्याच्या बाकड्यावर बसून पाहिली आहे. आधी कंपनीचा बंपर काढतात. मग पुठ्ठा कापून गाडीच्या नाकावर धरतात. पुठ्ठ्यावर तीन गोष्टी ठरतात: चाक पूर्ण वळलं तर घासणार नाही ना, रेडिएटरला वारा मिळेल ना आणि चढ लागताना नाक जमिनीला टेकणार नाही ना. पुठ्ठा पटला की तो पत्र्यावर आखतात, कापतात, प्रेसवर वाकवतात. सगळ्यात महत्त्वाचा भाग दिसतच नाही. तो म्हणजे चासीला धरणारे ब्रॅकेट. ओढण्याचा हूक किंवा विंच ॲल्युमिनियमच्या अंगाला लावायची नसते. तिचा जोर लोखंडी ब्रॅकेटातून थेट चासीत गेला पाहिजे. आणि लोखंड-ॲल्युमिनियम यांच्यामध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वायसर हवा. नाहीतर पावसाच्या पाण्यात दोघांची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. तो मिस्त्री म्हणाला, “सर, दोन धातू शेजारी ठेवले की मध्ये माणूस लागतो.” आम्ही ते वाक्य वहीत लिहून ठेवलं.

इथपर्यंत कारागिरीचं कौतुक झालं. आता प्रश्नाकडे येऊ.

1951 मध्ये बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याने एक उफराटी कल्पना पेटंटसाठी मांडली. गाडीचा मधला भाग घट्ट हवा, पण पुढचा-मागचा भाग चुरगळणारा हवा. तोपर्यंत मजबूत गाडी म्हणजे न दबणारी गाडी, अशी समजूत होती. बारेनी सांगत होते की गाडी दबली नाही तर तो धक्का आतल्या माणसाच्या बरगड्यांना मिळतो. आजच्या गाडीत प्लास्टिकच्या बंपरमागे तुळई असते, तिच्यामागे चेपणारे डबे असतात. किती वेगाने किती चेपलं यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. 2020 मध्ये दुसरी थार आली आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. ते तारे कंपनीच्या नाकासकट मिळालेले आहेत. नाक बदललं की तो हिशेब आपण रद्द केला.

ही झाली आतल्याची गोष्ट. बाहेरच्याचं काय? ऑस्ट्रेलियाच्या ओसाड रस्त्यांवर कांगारू आडवा येतो, म्हणून तिकडे बुलबार वाढले. तिथे त्याला कारण होतं. तेच गार्ड शहरात आले तेव्हा कांगारूच्या जागी शाळेतलं पोर होतं. युरोपने 2005 मध्ये अशा गार्डांसाठी पादचाऱ्याच्या सुरक्षेची कसोटी ठरवली. आपल्याकडे 2017 च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की क्रॅशगार्ड, बुलबार बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग आहे. 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

पुष्कळ तरुण आम्हाला म्हणतात, “सर, गाडी माझी, पत्रा माझा, सरकारचं काय जातं?” या प्रश्नाला आपल्याकडे जुनं उत्तर आहे. मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेन राजाला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? राजाला कबूल करावं लागतं की कोणताही एक भाग रथ नाही. भागांच्या एकत्र असण्याला आपण रथ हे नाव देतो. कलम 52 हेच वेगळ्या भाषेत सांगतं. निर्मात्याने जे वर्णन दिलं आणि नोंदणीच्या पुस्तकात जे लिहिलं गेलं, त्या संबंधांच्या बांधणीला ‘ही गाडी’ म्हणतात. ब्रेक, वजन, चेपणारा डबा, एअरबॅग हे सगळे एकमेकांना धरून आहेत. एक बदलला की नाव तेच राहतं, गाडी ती राहत नाही.

आणि नागसेनाने जो प्रश्न विचारला नाही, तो आपण विचारायला हवा. रथाच्या समोर जो उभा आहे, तो रथाचा भाग आहे की नाही? संसरीकडून भगूरला सायकलवर जाणारा माणूस, लहवितच्या रस्त्याने बैल हाकणारा, त्यांच्या अंगाला बंपर नाही. रस्त्यावरचा धक्का नाहीसा होत नाही, तो फक्त वाटला जातो. माझ्या गाडीने आपला वाटा घ्यायला नकार दिला तर तो कोणाच्या तरी मांडीच्या हाडात जातो. रणांगणावरचा तो तार तोडणारा अँगल आठवा. त्याने आतल्याचा जीव वाचवला आणि त्यासाठी बाहेरच्या कोणाचाही घेतला नाही. बनवून घेतलेल्या बंपरला लावायची कसोटी हीच.

म्हणून काय करायचं? कारागिराने कला सोडावी असं आम्ही म्हणत नाही. नोंदणीकृत गाडी रस्त्यावर आणायची असेल तर कंपनीचं नाक कंपनीचंच ठेवा. जी गाडी फक्त खासगी जमिनीवर, बंद मैदानावरच्या स्पर्धेत चालते आणि तिथे ट्रेलरवर चढून जाते, तिच्यावर ही विद्या खुशाल वापरा. जुन्या जीपचा मूळ बंपर सडला असेल तर मूळ मापाचा, मूळ आकाराचा बनवून द्या. त्यातही पोट भरतं आणि हात चालू राहतो. आर्गनचं वेल्डिंग येणाऱ्या मुलाला पाण्याच्या टाक्या आहेत, दुधाचे टँकर आहेत, द्राक्षांच्या आणि वाइनच्या कारखान्यांतली भांडी आहेत. नाशिकमध्ये असं काम पुष्कळ आहे.

पुढच्या वेळी एखाद्या जीपच्या नाकावर चकचकीत पट्टी दिसली, तर तिचं वजन आणि किंमत जरूर विचारा. ते विचारून झालं की मालकाला एवढंच विचारा: ही कोणाला वाचवते?

 आता प्रश्न घेऊ.