डीएलएल हायजॅकिंग : अस्सल प्रोग्रॅमच्या आडून शिरकाव

विंडोज प्रणालीवर चालणारा प्रोग्रॅम सर्व कामे स्वतः करीत नाही. छपाई, चित्रे दाखविणे अशा कामांची आज्ञावली स्वतंत्र फाइलींत असते आणि अनेक प्रोग्रॅम तिचा सामाईक वापर करतात. या फाइलींना डायनॅमिक लिंक लायब्ररी, म्हणजेच डीएलएल म्हणतात.

प्रोग्रॅमने अशा फाइलीचे केवळ नाव दिले, संपूर्ण पत्ता दिला नाही, तर विंडोज ती ठरावीक क्रमाने शोधते. काही मूळ फाइलींचा अपवाद वगळता शोधाची सुरुवात सहसा प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरपासून होते; प्रणालीच्या फोल्डरची पाळी नंतर येते. पहिल्याच जागी त्या नावाची बनावट फाइल असेल तर तीच उचलली जाते. यास डीएलएल हायजॅकिंग म्हणतात. 'अपहरण' हा शब्दशः अनुवाद झाला. परंतु येथे पळविले काहीच जात नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत पुढे आलेला तोतया मराठी वाचकांस ठाऊक आहे. हा प्रकार तोतयेगिरीचाच आहे.

पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या सेक्राइट विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये 'साइडकॉपी' या मोहिमेचा तपशील प्रसिद्ध केला. भारतीय संरक्षण दलांतील व्यक्ती हे तिचे लक्ष्य होते. दस्तऐवजासारखा दिसणारा शॉर्टकट ई-मेलने येई. तो उघडताच विंडोजमधील 'क्रेडविझ' या प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये जाई आणि शेजारी 'डीयूझर' नावाची बनावट डीएलएल ठेवली जाई. क्रेडविझ हा पासवर्डच्या नोंदींची राखीव प्रत घेणारा, मायक्रोसॉफ्टचा अस्सल प्रोग्रॅम. त्यामुळे संशय येणे कठीण होते. हेरगिरीचे काम मात्र शेजारची फाइल पुढे नेई.

या त्रुटीचे मूळ बहुधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या सवयीत असते. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१० मध्ये याविषयी जाहीर सूचना दिली होती. फाइलीचा पूर्ण पत्ता देणे व तिची डिजिटल स्वाक्षरी तपासणे, ही खबरदारी बंगळुरू वा पुण्यात लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे. वापरकर्त्यांनी नवे सॉफ्टवेअर थेट 'डाउनलोड्स' फोल्डरमधून चालवू नये. तेथे आधीच येऊन पडलेली डीएलएल त्यासोबत उचलली जाऊ शकते.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार, संगणकांत असा शिरकाव झाल्याचे लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत संस्थांनी तिला कळविणे बंधनकारक आहे.