मन्सी: 'सरासरी' अमेरिकेची गोष्ट

समजा, तुम्हाला अख्खी अमेरिका समजून घ्यायचीय, पण बघायला एकच शहर मिळणार. कुठलं निवडाल? न्यूयॉर्क? शिकागो?

१९२४ मध्ये रॉबर्ट आणि हेलन लिंड या नवरा-बायकोने निवडलं मन्सी. इंडियाना राज्यातलं एक साधं शहर, लोकसंख्या १९२० च्या जनगणनेनुसार साधारण साडेछत्तीस हजार.

आधी थोडं मागे जाऊ. १८८६ मध्ये या भागात नैसर्गिक गॅस सापडला. स्वस्त इंधन म्हटल्यावर कारखाने धावत आले. बफेलोहून बॉल बंधू आले आणि त्यांनी काचेच्या बरण्या बनवायला सुरुवात केली. १८९० ला अकरा हजारांचं असलेलं गाव तीस वर्षांत तिपटीहून मोठं झालं. पुढे गॅस संपला, पण कारखाने टिकले.

हा बदल माणसांच्या रोजच्या जगण्यात कसा दिसतो, हे लिंड दाम्पत्याला बघायचं होतं. त्यांनी तिथे मुक्काम ठोकला आणि १८९० चं आयुष्य १९२४ च्या आयुष्याशी ताडून पाहिलं. नोकरी, घर, शाळा, करमणूक, धर्म, सार्वजनिक कामं, सगळं. १९२९ मध्ये पुस्तक आलं, 'मिडलटाउन'. शहराचं खरं नाव त्यात लपवलेलं होतं.

त्यांना दिसलं की शहर दोन वर्गांत विभागलंय. साधारण सत्तर टक्के कामगार, बाकीचे व्यापारी आणि नोकरदार. तुम्ही सकाळी किती वाजता उठता, इथपासून फरक सुरू! आणि एक भारी आकडा ऐका. गाडी असलेल्या पण पडक्या घरांत राहणाऱ्या २६ कामगार कुटुंबांना विचारलं, घरात बाथटब आहे का? त्यातल्या २१ घरांत नव्हता. म्हणजे आंघोळीची सोय नंतर, गाडी आधी.

पुस्तक तुफान गाजलं. मन्सी म्हणजे 'टिपिकल अमेरिका' असं समीकरणच झालं. १९३७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट तिथले फोटो काढून आल्या.

पण इथेच खरी गोम आहे. मन्सीत तेव्हा पाच-साडेपाच टक्के लोक कृष्णवर्णीय होते. हे प्रमाण त्या काळच्या शिकागो आणि न्यूयॉर्कपेक्षाही जास्त! पण औद्योगिक बदलाच्या अभ्यासात वंशाचा गुंता नको, म्हणून लिंडनी त्यांना जवळपास पूर्ण बाजूला ठेवलं. हे सगळं कधी, तर इंडियानात कु क्लक्स क्लॅन ऐन जोरात होता तेव्हा.

मी दिवसभर डेटासोबत काम करतो, म्हणून हे जरा जास्तच टोचतं. किचकट वाटणाऱ्या ओळी आधी गाळायच्या, मग उरलेल्याला 'सरासरी' म्हणायचं. ग्राफ सुंदर येतो. फक्त त्यातून माणसं गायब होतात.

ती परत यायला पाऊण शतक लागलं. मन्सीचेच कृष्णवर्णीय नेते हर्ली गुडॉल यांनी आपल्या समाजाची कागदपत्रं आणि आठवणी वर्षानुवर्षं जमवून ठेवल्या होत्या. त्या आधारावर बॉल स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांसोबत बसले, आणि २००४ मध्ये 'दि अदर साइड ऑफ मिडलटाउन' हे पुस्तक आलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'सामान्य माणूस असा वागतो' म्हणालं ना, तर एकच विचारा: मोजताना कुणाला सोडलं होतं?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!