जी. के. वेंकटेश नावाचा ‘बाहेरचा’ माणूस

आठवडा-पंधरवड्याला एक व्हिडिओ येतोच. कधी बंगळूरची रिक्षा, कधी मुंबईची लोकल, कधी बेळगावची बस. "इथं राहायचं तर आमची भाषा बोल." खाली कमेंटींचा पाऊस, दोन्हीकडून आयमाय काढलेली. मी मराठीच्या बाजूचा आहे, लपवत नाही. पाटी मराठीत हवी, बँकेत मराठीत उत्तर मिळायला हवं, यात मला शंका नाही. पण ‘बाहेरचा’ हा शब्द आला की हल्ली मला एक माणूस आठवतो. जी. के. वेंकटेश.

नाव ऐकलेलं नसेल. मीही फार उशिरा ऐकलं, तेही आपल्या गोरा कुंभारामुळे. 1974 साली कन्नडमध्ये ‘भक्त कुंबार’ नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक हुणसूर कृष्णमूर्ती, गोरोबांच्या भूमिकेत राजकुमार (हिंदीतले ‘जानी’वाले नव्हेत, कन्नडचे डॉ. राजकुमार). पंढरीचा विठ्ठल, तेरचा कुंभार, आणि गाणी अस्सल कन्नड. मी ती ऐकली आणि संगीतकार कोण म्हणून शोधायला गेलो. वाटलं होतं, धारवाड-हुबळीकडचा कुणीतरी असणार. निघाला हैदराबादेत जन्मलेला तेलुगू माणूस. जन्म 1927. मूळचा वीणावादक, आणि सगळी कारकीर्द मद्रासच्या स्टुडिओंतली.

आता मद्रास का, हे सांगायला पाहिजे. त्या काळात कन्नड सिनेमा बहुतेक मद्रासमध्येच बनायचा. स्टुडिओ तिथं, वादक तिथं, रेकॉर्डिंगची सोय तिथं. राज्याचं नावसुद्धा 1973 पर्यंत म्हैसूरच होतं. कन्नड कलाकारांची अवस्था पाहुण्याच्या घरी राहणाऱ्या भाच्यासारखी, पडेल ते काम करायचं. हाताला काम नाही म्हणून राजकुमार, बालकृष्ण, नरसिंहराजू आणि जी. व्ही. अय्यर यांनी कलावंतांचा संघ काढला आणि 1960 मध्ये स्वतःच एक सिनेमा केला, ‘रणधीर कंठीरव’. विषय कुठला, तर म्हैसूरचा पराक्रमी राजा. म्हणजे कन्नड अभिमानाचा सिनेमा, कन्नड कलावंतांच्या संघाने काढलेला. संगीत मात्र वेंकटेश यांचं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अ. न. कृष्णराव, म्हणजे ‘अनकृ’, हे कन्नडचे मोठे कादंबरीकार आणि तितकेच कडवे भाषाभिमानी. बंगळूरच्या रामनवमी संगीत उत्सवात बाहेरच्या कलाकारांना मान आणि कन्नड गवयांना डावलतात, यावरून साठच्या दशकाच्या सुरुवातीला आंदोलन झालं. त्याच्या पुढाऱ्यांत अनकृ होते. त्यांची तक्रार खोटी नव्हती. आपल्याच गावच्या उत्सवात आपल्याच गवयाला जागा नसेल तर माणूस चिडणारच.

आणि 1966 मध्ये याच अनकृंच्या ‘संध्याराग’ कादंबरीवर सिनेमा झाला, एका गवयाच्या आयुष्यावरचा. त्याच्या संगीताला कोण कोण होतं बघा. वेंकटेश, हैदराबादचे. सोबत एम. बालमुरलीकृष्ण, आंध्रचे. गायिका एस. जानकी, त्याही आंध्रच्या. आणि पुण्याहून आपले भीमसेन जोशी. ‘आपले’ म्हटलं खरं, पण ते गदगचे. पुण्यात घर, अभंग मराठीत, बोलताना कानडी हेल. त्यांना बाहेरचे म्हणायचं की घरचे, हे पुणेकरांनी आणि गदगकरांनी आपसात ठरवावं. या सिनेमात एकच रचना भीमसेन, बालमुरली आणि जानकी अशा तिघांच्या गळ्यातून वेगवेगळी येते. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीतं आपली मानणारा प्रदेश म्हणजे कर्नाटक, हे जितक्या सहज त्या गाण्यात कळतं तितकं एखाद्या भाषणात कळणार नाही. आणि ते करून दाखवलं कन्नड ज्याची मायबोली नाही अशा माणसाने.

मग अनकृंचं आंदोलन चुकीचं होतं का? मला तसं वाटत नाही. मागणी कन्नडला जागा मिळण्याची होती, आणि वेंकटेश नेमकं तेच करत होते. जन्मदाखला तेलुगू, काम कन्नडचं. आपण भांडताना या दोन गोष्टींची सतत गल्लत करतो.

1972 चा ‘बंगारद मनुष्य’ बंगळूरच्या एका थिएटरात दोन वर्षं चालला. गावी परतून माळरानावर शेती पिकवणाऱ्या माणसाची गोष्ट. पडद्यावर राजकुमार, मागे आवाज पी. बी. श्रीनिवास यांचा. हे काकिनाड्याचे, म्हणजे पुन्हा तेलुगू. जवळपास वीस वर्षं राजकुमार पडद्यावर गायले ते या माणसाच्या गळ्यातून.

हे वेंकटेश यांनीच बदललं. राजकुमार मूळचे नाटक कंपनीतले, गुब्बी वीरण्णांच्या. गाता येत होतंच, आधी एखाद-दुसऱ्या सिनेमात थोडं गायलेही होते, पण तेवढंच. 1974 च्या ‘संपत्तिगे सवाल’मध्ये म्हशीवर बसून म्हणायचं एक गाणं होतं. ते तुम्हीच गा, असं वेंकटेश यांनी त्यांना पटवलं. चाल साधी, खेडवळ, बेफिकीर. गाणं असं चाललं की नंतर राजकुमार स्वतःच गायला लागले, आणि 1992 च्या ‘जीवन चैत्र’मधल्या गाण्याला पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वीस वर्षांची व्यवस्था मोडली ती एका म्हशीच्या गाण्याने! गंमत म्हणजे ‘भक्त कुंबार’ही त्याच वर्षीचा आणि त्यात गोरोबांचा आवाज पी. बी. श्रीनिवास यांचाच आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकले तर एक काळ संपून दुसरा सुरू होताना ऐकू येतो.

1982 च्या गोकाक चळवळीत हेच राजकुमार रस्त्यावर उतरले आणि अख्खं कर्नाटक हललं. तिथून पुढे आलेल्या कन्नड सक्तीचा चटका सीमाभागातल्या मराठी माणसाला बसला, 1986 मध्ये बेळगावात आंदोलन पेटलं, हे मी विसरलेलो नाही. तो हिशेब वेगळा आहे आणि तो मांडलाच पाहिजे. पण ज्या आवाजामागे माणसं धावत होती, त्याला गायला लावणारा हैदराबादी होता, हेही त्याच इतिहासात लिहिलेलं आहे.

वेंकटेश 1993 मध्ये गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत एक इळैयराजा. ‘अन्नकिळी’ने नाव होण्याआधी ते वेंकटेश यांचे सहाय्यक होते, आणि त्यातलं बरंचसं काम कन्नड सिनेमांवरचं. दुसरे एल. वैद्यनाथन. हे नाव ओळखीचं नसेल, पण दूरदर्शनवरच्या ‘मालगुडी डेज’ची ती धून त्यांची. माझ्या वयाच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, गुणगुणून दाखवेल.

ऐकायचं असेल तर माझं ऐका, ‘सनादि अप्पण्ण’पासून सुरुवात करा, 1977 चा. सनादि म्हणजे आपली सनई. राजकुमार सनईवाले झालेत आणि ती वाजवायला वेंकटेश यांनी थेट बनारसच्या उस्ताद बिस्मिल्ला खाँना आणलं. त्यातलं जानकी आणि सनई असं दोघांचं गाणं आहे, ते हेडफोन लावून ऐका. ज्यांना कन्नड येतं त्यांनी खाली कमेंटमध्ये शब्दांचा अर्थ लिहा. मला निम्माच लागतो.