वजिराबाद, पुणे, नागपूर : दिल्लीच्या सांडपाण्याच्या इतिहासातील एक दुवा

दिल्लीच्या पाण्याचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः बावल्या आणि हौद यांपासून आरंभ करतात, फिरोजशहाच्या कालव्याकडे वळतात आणि चंद्रावळच्या जलशुद्धीकरण केंद्रापाशी येऊन थांबतात. वापरून झालेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हा विषय परिशिष्टात ढकलला जातो. प्रस्तुत निबंधात त्या परिशिष्टातील एकच प्रकरण पुढे आणावयाचे आहे. ते म्हणजे १९५५-५६ च्या हिवाळ्यातील दिल्लीची काविळीची साथ. मराठी अध्यासनाच्या ग्रंथात त्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. त्या साथीचे खरे स्वरूप पंचवीस वर्षांनी पुढे आले त्यात पुण्याचा वाटा होता, आणि सांडपाण्याच्या शास्त्राला वाहिलेली देशातील मध्यवर्ती संस्था साथीनंतर दोनच वर्षांनी नागपुरात स्थापन झाली. या दोहोंची सलग मांडणी मराठीत माझ्या पाहण्यात नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडे. 'सांडपाणी' हा शब्द 'सांडणे' या क्रियापदावरून आला. सांडणे म्हणजे टाकून देणे, आणि चुकून कलंडणेही. परंतु जुन्या घरात मोरीचे आणि न्हाणीचे पाणी खऱ्या अर्थाने टाकले जात नसे. ते चराने परसात जाई आणि तेथे अळू, केळी, कर्दळ पोसली जाई. मैल्याची व्यवस्था सर्वस्वी वेगळी होती. शेतखाना घराच्या मागच्या अंगाला, त्याची वाट वेगळी, आणि तो वाहून नेण्याचे काम जातीने ठरलेल्या माणसांच्या डोक्यावर. शहरांनी नळ आणले, संडासाला पाण्याची जोड दिली, भूमिगत गटारे घातली, तेव्हा मोरी आणि शेतखाना एकाच नळीत आले. वस्तू बदलली, शब्द मात्र तोच राहिला. हिंदीतील 'मलजल' हा शब्द कानाला कठोर आहे, पण या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. आपल्या शब्दात अळूच्या वाफ्याची आठवण आहे, आणि त्यामुळे सांडपाण्याच्या पुनर्वापराविषयी बोलताना मराठी माणूस कधी कधी अकारण निश्चिंत होतो, असे मला वाटते.

आता दिल्लीकडे वळू. नजफगढ नाला या नावाने आज ओळखला जाणारा प्रवाह मुळात साहिबी नदीचा शेवटचा टप्पा. राजस्थानातून हरियाणामार्गे येणारी ही नदी दिल्लीत शिरून वजिराबादच्या किंचित खाली यमुनेला मिळते. शहर वाढले, नदी नाला झाली. पिण्याचे पाणी उचलण्याची जागा आणि शहराचा सर्वांत मोठा नाला यांच्यात असे जेमतेम अंतर राहिले. नदी वरून खाली वाहते, एवढाच काय तो भरवसा. वजिराबादचा बंधारा १९५९ चा आहे. १९५५ मध्ये तोही आडोसा नव्हता.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर पात्रातील प्रवाह सरकला आणि नोव्हेंबरच्या मध्यास नाल्याचे पाणी उलटे फिरून वजिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोचले. जलविभाग निष्काळजी होता असे म्हणता येत नाही. पाणी बिघडल्याचे ध्यानात येताच तुरटी आणि क्लोरीन यांच्या मात्रा वाढविण्यात आल्या. परिणाम असा झाला की विषमज्वर आणि आमांश यांची साथ आली नाही. त्या काळच्या चाचण्या जीवाणू मोजत होत्या, आणि जीवाणू आटोक्यात होते. परंतु डिसेंबर उजाडला आणि शहर पिवळे पडू लागले. डॉ. आर. विश्वनाथन यांच्या पाहणीनुसार, जी १९५७ साली प्रसिद्ध झाली, कावीळ उघडपणे दिसलेल्या रुग्णांचीच संख्या सुमारे २९,३०० होती. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांहून ठळकपणे अधिक होते.

या पाहणीचे महत्त्व केवळ आकड्यांत नाही. दूषित पाणी कोणत्या दिवसांत नळात आले हे ठाऊक होते आणि रुग्ण केव्हा आजारी पडले हेही. त्यामुळे रोगाचा गर्भावधी इतक्या मोठ्या प्रमाणावर निश्चित करता आला. विषाणू मात्र दिसला नव्हता. तो तेव्हा ज्ञात असलेल्या संसर्गजन्य काविळीचाच असावा, असे धरून चालण्यात आले आणि प्रकरण मिटले.

ते पुन्हा उघडले १९८० मध्ये. दिल्लीच्या त्या साथीतील रुग्णांच्या सीरमचे काही नमुने जतन करून ठेवलेले होते. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले होते. तेथील खोर्शेद पावरी, एम. ए. श्रीनिवासन व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतील वाँग व पर्सेल यांनी हे जुने नमुने नव्या चाचण्यांनी तपासले. ही साथ 'अ' विषाणूची नव्हती, 'ब' ची तर नव्हतीच. 'लॅन्सेट' मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी काश्मीरमधील १९७८ च्या साथीवरून मोहम्मद सुल्तान खुरू यांनी स्वतंत्रपणे तेच सुचविले. १९८३ साली रशियन संशोधक बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून विषाणू दाखविला. पुढे त्याला 'हिपॅटायटिस ई' हे नाव मिळाले. दिल्लीकरांनी १९५५ मध्ये काय प्यायले होते, याचे उत्तर अशा रीतीने एका पिढीनंतर हाती आले.

नागपूरची कथा याला समांतर आहे. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ मध्ये तेथे सुरू झाली. १९७४ मध्ये तिचे नाव बदलले आणि आज आपण तिला 'नीरी' म्हणतो. दिल्लीच्या साथीमुळेच ती निघाली असे विधान करण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र तिच्या आरंभीच्या कामाची दिशा सूचक आहे. पाश्चात्त्य पद्धतीत सांडपाण्यात हवा घोळवून जीवाणूंकरवी ते शुद्ध करतात. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही रीत सिद्ध केली. तिला वीज लागते, आणि वीज हीच आपली अडचण. नागपूरच्या संशोधकांनी म्हणून ऊन आणि शेवाळ यांकडे पाहिले. सोली अर्सीवाला व सहकाऱ्यांचा स्थिरीकरण तलावांवरील १९७० चा ग्रंथ हे त्या विचाराचे फळ. त्याच संस्थेने पुढे विकसित केलेल्या 'फायटोरिड' पद्धतीत खडीच्या वाफ्यांतून पाणी झिरपवितात आणि त्यांत वनस्पती लावतात. त्या वनस्पतींत कर्दळही आहे. परसातली कर्दळ प्रयोगशाळेतून फिरून परत आली, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यास सुखावणारी आहे. दिल्लीत पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शेतावर याच जातीचा, पाणकणसाचा वाफा आहे. दिवसाला २२ लाख लिटर पाणी त्यातून शुद्ध होऊन शेतीला मिळावे, अशी त्याची रचना आहे.

मोठ्या यंत्रणांचा इतिहास मात्र कमी सुखावह आहे. १९९३ साली जपानी साहाय्याने यमुना कृती योजना सुरू झाली आणि फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद या परिसरात हवेविना चालणाऱ्या, तळातून वर पाणी चढविणाऱ्या टाक्या बांधल्या गेल्या. वीज कमी लागे, वायू मिळे. परंतु निकष कडक होत गेले तसे हे पाणी अपुरे शुद्ध ठरले. १९९४ साली एका इंग्रजी वृत्तपत्रातील बातमीवरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून यमुनेचे प्रकरण हाती घेतले. त्या बातमीचा मथळा शोलोखोवच्या 'डॉन' वरील कादंबरीच्या इंग्रजी नावावर बेतलेला होता, आणि खटल्यालाही तेच नाव चिकटले. २०१७ मध्ये प्रकरण हरित न्यायाधिकरणाकडे गेले. यमुनेची लांबी सुमारे १३७६ किलोमीटर. वजिराबाद ते ओखला हा तिचा २२ किलोमीटरचा तुकडा. नदीच्या प्रदूषणाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भार त्या तुकड्यात येतो.

पुनर्वापराचे सोपे प्रकार स्थिरावले आहेत. दिल्लीच्या प्रगती वीजकेंद्राने नाल्यांवरील प्रकल्पांचे शुद्ध केलेले पाणी घेतले. नागपूरच्या भांडेवाडीचे कोराडीच्या औष्णिक केंद्राकडे जाते. यंत्राला कावीळ होत नाही. प्रश्न आहे तो माणसाच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या पाण्याचा. नामिबियातील विंडहूक शहराने १९६८ पासून ते केले, सिंगापूरने २००३ पासून, आणि दोन्हीकडे तपासणी हाच कामाचा मोठा भाग आहे. आपल्याकडे प्रक्रिया केलेल्या पाण्याचे मानक जैविक प्राणवायूची मागणी, गाळ, विष्ठाजन्य जीवाणू यांभोवती फिरते. विषाणू त्यात नाहीत. ते शोधता येत नाहीत असेही नाही. पोलिओच्या निर्मूलनासाठी मुंबईच्या गटारांतील नमुने २००१ पासून आणि दिल्लीच्या २०१० पासून नियमित तपासले गेले, आणि रुग्ण नसतानाही विषाणू वावरतो की नाही हे त्यांतून कळत राहिले.

सिंगापूरच्या धर्तीवर दिल्ली जल बोर्डाने गेल्या दशकाच्या अखेरीस एक योजना मांडली. कोरोनेशन पिलर येथे शुद्ध केलेले सांडपाणी नळाने सुमारे अकरा किलोमीटर वर, पल्ला गावापर्यंत न्यायचे, तेथे यमुनेत सोडायचे, आणि नदीच्या पाण्यात मिसळून खाली आले की वजिराबादला पुन्हा उचलायचे. म्हणजे जे पाणी १९५५ साली पुराच्या लहरीने उपसा केंद्रापर्यंत आले, ते या योजनेत पंपाने आणले जाईल, मध्ये प्रक्रियेचे अनेक टप्पे ठेवून. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. मला योजनेच्या कागदपत्रांत एकच गोष्ट पाहावयाची आहे : पल्ल्याच्या मुखाशी पाण्याचे नमुने कोणत्या विषाणूंसाठी आणि किती दिवसांनी तपासले जातील, आणि त्यांचे निकाल वजिराबादचे पाणी पिणाऱ्यांना कोठे वाचावयास मिळतील.