सीपीयू घरी राहिला, लॅपटॉप पुण्याला गेला

हे आजच्या भागाचं लिखित रूप. ज्यांचा हेडफोन ट्रॅव्हल्समध्ये राहिला असेल, त्यांनी वाचून घ्या.

आजचा प्रश्न साधा आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरापोरींनी कॉलेजसाठी डेस्कटॉप सोडून लॅपटॉप काहून धरला? कुणालाही विचारा, उत्तर येतं, “उचलून नेता येते म्हणून.” ते खरं आहेच, पण अर्धं. माझं मत असं की आपल्याकडे लॅपटॉप पहिल्यांदा जिंकला तो लाईट जायची म्हणून.

थोडं मागे जाऊ. 1983 साली दोन गोष्टी झाल्या: अमरावती विद्यापीठ स्थापन झालं आणि शेगावात श्री संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. म्हणजे इंजिनिअर व्हायला जिल्ह्याबाहेर जायलाच पाहिजे असं राहिलं नाही. पण त्या काळात कॉम्प्युटर ही लॅबमधली वस्तू होती, चपला बाहेर काढून आत जायची जागा. स्वतःचा कॉम्प्युटर असावा हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

घराघरात त्याचं नाव पोचलं ते 2001 नंतर. त्या वर्षी एमकेसीएल कंपनी स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्या-तालुक्यात निघाले. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठंही जा, बसस्टँडजवळ एक बोर्ड असायचाच. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते सर्टिफिकेट मागू लागले, मग काय, आजोबांनीसुद्धा नातवाला क्लास लावला.

त्यातूनच काही घरांत पीसी आला. बहुतेक वेळा असेंबल केलेला. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम वेगवेगळ्या कंपनीचं, आणि 15 इंची डबा मॉनिटर. मॉनिटरच बारा-चौदा किलोचा. तो हॉलमध्ये ठेवायचे, वरून शिवलेलं कव्हर, दसऱ्याला हळदकुंकू. लॅपटॉप मिळायचा, पण साधारण दुप्पट किमतीत. कापूस विकून एवढे पैसे एका वस्तूत घालणारं घर विरळाच.

आणि मग आलं लोडशेडिंग. 2005 पासूनची ती वर्षं आठवत नसतील तर घरी विचारा. विदर्भ-मराठवाड्यातल्या खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसायची. पुण्याने 2006 मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या जनरेटरवर भार टाकून शहरापुरतं लोडशेडिंग थांबवलं होतं. आपल्याकडे असे कारखाने कुठून आणणार बाप्पा?

आता थोडा हिशोब करू, मला त्यात मजा येते. डबा मॉनिटर धरून पीसी साधारण 150 वॅट खायचा. घरच्या 600 व्हीए यूपीएसमधली बॅटरी असते 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवर. गुणाकार केला तर 84 वॅट-अवर. एवढा भार एकदम ओढला की लेड-ॲसिड बॅटरी त्यातली अर्धीच ऊर्जा देते. म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. फाईल सेव्ह करायची, शटडाऊन मारायचं, कंदील लावायचा. याच्या उलट तेव्हाच्या साध्या लॅपटॉपची बॅटरी 48 वॅट-अवरच्या आसपास, म्हणजे यूपीएसच्या त्या जड विटेपेक्षा लहानच. पण लिखाण करताना मशीन खायचं वीसेक वॅट. दोन तास आरामात. मोठी बॅटरी हे उत्तर नव्हतंच, कमी खाणारं मशीन हे उत्तर होतं.

गंमत बघा, हातात धरून न्यायच्या पहिल्या मशीन्सना बॅटरीच नव्हती. 1981 चा ऑसबॉर्न-1 दहा किलोच्या वर होता आणि भिंतीतल्या सॉकेटशिवाय चालत नव्हता. 1982 चा ग्रिड कंपास, ज्याचं पुस्तकासारखं मिटणारं झाकण आजही प्रत्येक लॅपटॉपला आहे, तोही वायरवरच. बिल मॉग्रिज नावाच्या डिझायनरने तो बनवला, पुढे तो स्पेस शटलमधून अंतराळातही गेला. पण जळगाव जामोदमध्ये दुपारी दोन वाजता त्याचा काही उपयोग झाला नसता. फरक पडला तो 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा, आणि 2003 मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणून प्रोसेसरची भूक कमी केली तेव्हा. 2008 च्या तिसऱ्या तिमाहीत जगात पहिल्यांदा डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप जास्त विकले गेले. आपल्या लोडशेडिंगचीही तीच वर्षं. दुकानात भाव उतरत होते आणि घरात लाईट जात होती.

कॉलेजं मात्र सावकाश हलली. माझी बी.टेक.ची बॅच 2015 ची. नवाकोरा लॅपटॉप घेऊन पोरं वर्गात यायची आणि अभ्यासक्रमात काय, तर टर्बो सी++, 1990 च्या काळातलं सॉफ्टवेअर! 64-बिट विंडोजवर ते सरळ चालतच नाही, कारण ते 16-बिट. मग डॉसबॉक्स टाकून, लॅपटॉपला जुना पीसी असल्याचं सोंग आणायला लावायचं. निळी स्क्रीन आली की सगळे खूश.

पण या बदलात एक गोष्ट हरवली आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. डेस्कटॉप घराचा होता. दादा पुण्याला शिकायला गेला तरी मशीन हॉलमध्येच राहायचं. ताई त्यावर टायपिंग शिकायची, बाबा सातबारा बघायचे, शेजारची पोरं पेंट उघडून बसायची. लॅपटॉप आला आणि तो दादाचा झाला. त्याचा पासवर्ड, त्याची बॅग. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने दादाबरोबर घरातला कॉम्प्युटरही पुण्याला गेला. ज्या घरात पैसे एकाच मशीनपुरते होते, तिथं ते मशीन बाहेर शिकणाऱ्याला मिळालं, आणि बाहेर कोण जायचं हे मी सांगायला नको. गावाजवळच्या कॉलेजात बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्या कितीतरी मुलींच्या वाट्याला मोबाईल आला, तोही भावाचा जुना.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हे उघडं पडलं. दादा लॅपटॉप घेऊन परत आला, पण सकाळी नऊ ते सहा त्यावर त्याचं ऑफिस. ताईचे लेक्चर सहा इंची स्क्रीनवर. मोबाईलवर व्हिडिओ दिसतो हो, पण त्यावर प्रोग्रॅम लिहून बघा एकदा, किंवा वीस पानांचा प्रोजेक्ट टाईप करून बघा.

तेव्हा आमच्या ओळखीच्या दोन घरांत माळ्यावरचे जुने सीपीयू खाली उतरले. धूळ झटकली, रॅम काढून खोडरबराने घासली, लिनक्स टाकलं, टीव्हीला जोडलं. एका घरचा चालू झालाच नाही. दुसऱ्या घरातल्या मुलीने त्याच मशीनवर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पूर्ण केला. आता तिला पहिल्या पगारातून लॅपटॉप घ्यायचाय, आणि सीपीयू हॉलमध्येच ठेवा, माळ्यावर टाकू नका, असं तिनं आईला बजावलंय. धाकटी बहीण दहावीत आहे.