कळसूबाई

कळसूबाई : महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. उंची १,६४६ मी. (सु. ५,४०० फूट). १९° ३६′ उ.; ७३° ४२′ पू. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा अकोले तालुका व नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर, सह्याद्रीतून पूर्वेकडे फुटलेल्या कळसूबाई रांगेत ते आहे. पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे किल्ले याच रांगेत येतात. रांगेच्या उत्तर उताराचे पाणी दारणेला, तर दक्षिणेचे प्रवरेला मिळते. दोन्ही नद्या पुढे गोदावरीस मिळतात.

भूविज्ञान : सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या जवळजवळ आडव्या थरांचे हे शिखर बनले आहे. घट्ट बेसाल्टाचे थर कड्यांच्या रूपाने टिकले. कुहरी, ठिसूळ थर लवकर झिजून त्यांच्या जागी माच्या व उतार झाले. डोंगराला पायऱ्यांचा आकार आला तो यामुळे. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. खडकातील पोकळ्यांत झिओलाइट व क्वॉर्ट्झ ही खनिजे सापडतात. अशा लाव्हा थरांच्या समूहाला दक्षिण ट्रॅप म्हणतात; त्याच्या पश्चिम घाटातील तीन उपगटांपैकी सर्वांत खालच्या उपगटाला ‘कळसूबाई उपगट’ हेच नाव आहे. त्यात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी व भीमाशंकर हे शैलसमूह येतात. मोठाल्या फेल्स्पार स्फटिकांचे बेसाल्ट थर ही त्याची खूण. लोणावळा व वाई हे उपगट त्यावरचे. भारतीय भूविज्ञानात शिखराचे महत्त्व उंचीइतकेच या नावामुळेही आहे.

हवामान : जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मुसळधार पाऊस पडतो. पश्चिमेकडील घाटघर परिसरात तो फार, तर पूर्वेस अकोल्याकडे झपाट्याने कमी होतो. पावसाळ्यात माथा बहुधा ढगात असतो. हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. तीव्र उतार व पाणी न मुरणारा कातळ यांमुळे एवढा पाऊस होऊनही उन्हाळ्यात झरे आटतात. डोंगरावरील झाडी राखणे म्हणूनच निकडीचे आहे.

हिरडा, जांभूळ, करवंद व कारवी या येथील प्रमुख वनस्पती. हा भाग हरिश्चंद्रगड–कळसूबाई अभयारण्यात (१९८६) मोडतो.

भात, नागली व वरई ही पिके. पर्यटनाने थोडा रोजगार मिळतो.

माथ्यावर कळसूबाई देवीचे लहान मंदिर असून नवरात्रात यात्रा भरते. महादेव कोळी समाजाची देवीवर श्रद्धा आहे. पायथ्याच्या बारी गावातून वाट असून अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत.